टोकियोला एका सत्रासाठी जाताना : आधी कोणता कागद, मग कोणता

स्टुडंट एक्स्चेंजसाठी निवड झाली की घरात पहिली चर्चा विमानाच्या तिकिटाची होते. खरं तर तिकीट ही या यादीतली जवळजवळ शेवटची गोष्ट आहे. जपानला जाण्याच्या तयारीत प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. विद्यापीठाचं स्वीकृतिपत्र नसेल तर सीओई (जपानच्या इमिग्रेशन खात्याचं पात्रता-प्रमाणपत्र) नाही, सीओई नसेल तर व्हिसा नाही. तिथे पोहोचल्यावरही तसंच आहे. पत्ता नोंदवल्याशिवाय फोन नाही, फोनशिवाय बँक नाही आणि बँकेशिवाय शिष्यवृत्तीचे पैसे नाहीत. मुलांची तारांबळ उडते ती बहुतेक वेळा हा क्रम चुकल्यामुळे. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. उदाहरण टोकियोचं घेतलं असलं, तरी क्योतो-ओसाकाला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

१. आधी दोन्हीकडची कॅलेंडरं शेजारी ठेवा

जपानी विद्यापीठांचं वसंत सत्र एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं आणि जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपतं. शरद सत्र सप्टेंबरअखेर सुरू होतं आणि जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतं. आपल्याकडची सत्रं साधारण जून-जुलै ते नोव्हेंबर-डिसेंबर आणि पुढे मेपर्यंत. म्हणजे जपानचं एक सत्र आपल्या दोन सत्रांवर आडवं पडतं. वसंतात गेलात तर इथली एप्रिल-मेची परीक्षाही बुडते आणि पुढच्या सत्राची सुरुवातही. शरदात गेलात तर नोव्हेंबर-डिसेंबरची परीक्षा बुडते आणि परत येईपर्यंत पुढचं सत्र महिना-दीड महिना पुढे गेलेलं असतं.

हा सगळ्यात मोठा खड्डा आहे आणि तो जपानमध्ये नाही, आपल्याच परीक्षा विभागात आहे. विभागप्रमुखांनी तोंडी "होऊन जाईल" म्हटलं, तरी परीक्षा नियंत्रकांकडून लेखी घ्या : कोणते पेपर नंतर देता येतील, त्यांची नोंद नियमित होईल की बॅकलॉग म्हणून, आणि परीक्षा अर्ज तुमच्या गैरहजेरीत कोण भरेल. शेवटच्या वर्षाला असाल तर कॅम्पस प्लेसमेंटचे महिनेही याच कॅलेंडरवर मांडा.

शरद सत्रासाठी साधारण वेळापत्रक असं धरा. आपल्या विद्यापीठाकडून नामांकन फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिकडच्या विद्यापीठाचा अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, सीओईचे कागद एप्रिल-मेमध्ये, सीओई हातात जुलै-ऑगस्टमध्ये, व्हिसा ऑगस्टमध्ये आणि प्रस्थान सप्टेंबरच्या उत्तरार्धात. वसंत सत्रासाठी नामांकन त्याआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच होतं. तारखा विद्यापीठागणिक बदलतात, पण जपानी अंतिम तारीख ही खरोखरच अंतिम असते. एक दिवस उशीर झाला म्हणून विनंतीपत्र देऊन काम होत नाही.

२. विषय निवडताना "सात तासिका" लक्षात ठेवा

विद्यार्थी म्हणून राहायचं तर आठवड्याला किमान १० तास वर्गात शिकणं अपेक्षित असतं. जपानी तासिकेला कोमा म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी ९० मिनिटांची असते, म्हणून विद्यापीठं एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांना किमान सात कोमा घ्यायला सांगतात. आपल्याकडे चारच विषयांचं क्रेडिट मिळणार असेल, तरी तिकडे सात तासिका भरायच्याच आहेत. जपानी भाषेचे वर्ग आठवड्यातून अनेकदा भरतात, त्यामुळे उरलेली बेरीज त्यातून सहज पूर्ण होते आणि भाषाही येते.

आठवड्यातून एकदा चालणाऱ्या लेक्चरच्या विषयाला सहसा दोन क्रेडिट मिळतात. आपल्याकडच्या चार क्रेडिटच्या एका विषयाला तिकडचे दोन विषय लागू शकतात, हे लर्निंग ॲग्रीमेंटवर (तिकडच्या कोणत्या विषयांचं क्रेडिट इथे धरलं जाईल याचा करार) सही घेण्याआधीच विभागात बोलून घ्या. पहिल्या पसंतीचा विषय मिळेलच असं नाही. जागा मर्यादित असतात, वेळा एकमेकींवर येतात. म्हणून ॲग्रीमेंटमध्ये प्रत्येक विषयाला एक पर्याय लिहून ठेवा. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफ करून जपा. परत आल्यावर समकक्षता समिती तोच मागते, आणि तोवर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पुढच्या वर्षाचा आलेला असतो.

शिष्यवृत्तीबद्दल एकच गोष्ट. जपान सरकारशी संलग्न असलेल्या जास्सो संस्थेची एक्स्चेंजसाठीची शिष्यवृत्ती महिना ८०,००० येन आहे. तिला थेट अर्ज करता येत नाही, तिकडचं विद्यापीठ नाव सुचवतं. अर्जात त्यासाठीचा रकाना असेल तर तो भरायला विसरू नका.

३. सीओई : इथे घाई करू नका

सीओई म्हणजे जपानच्या इमिग्रेशन खात्याने दिलेलं पात्रतेचं प्रमाणपत्र. त्यासाठी अर्ज तुम्ही करत नाही, तिकडचं विद्यापीठ तुमच्या वतीने करतं. निकालाला एक ते तीन महिने लागतात. तुमचं काम कागद बिनचूक देणं एवढंच आहे, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

साधारण हे कागद लागतात :

• पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्वच्छ प्रत
• ४ × ३ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, अलीकडचा फोटो
• विद्यापीठाने पाठवलेला अर्ज, सगळे रकाने भरून
• बँकेचं बॅलन्स सर्टिफिकेट, इंग्रजीत, शिक्का-सहीसह
• खर्च उचलणाऱ्या पालकांचा उत्पन्नाचा पुरावा
• पालकांशी नातं दाखवणारा कागद, बहुधा जन्मदाखला
• शिष्यवृत्ती असल्यास तिचं पत्र
• अनेक ठिकाणी छातीच्या एक्स-रेसह आरोग्य प्रमाणपत्र

पैशाचा हिशेब बहुतेक विद्यापीठं महिना ८०,००० ते १,००,००० येन असा धरतात. सहा महिन्यांचे पाच-सहा लाख येन झाले. एक येन साधारण ५५ ते ६० पैशांच्या आसपास धरला, तर खात्यात तीन-साडेतीन लाख रुपये दिसायला हवेत. ही रक्कम सर्टिफिकेट काढण्याच्या आदल्या दिवशी एकदम भरू नका. स्टेटमेंट मागितलं तर ती उठून दिसते आणि खुलासा द्यावा लागतो. मुदत ठेव दाखवायची असेल तर ती चालते का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी ईमेलने विचारा.

नोकरदार पालकांचं सोपं असतं, फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र इंग्रजीतच असतं. शेती किंवा छोटा धंदा असलेल्या घरात तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघतो आणि तो मराठीत असतो. त्याचं आणि मराठी जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून करून घ्या. भाषांतरात नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं, एका अक्षराचाही फरक नको.

नावाचा घोळ हा आपला खास मराठी घोळ आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून "गिव्हन नेम" असतं आणि आडनाव वेगळं. मार्कशीटवर आडनाव आधी येतं. ईमेलमध्ये आपण वडिलांचं नाव गाळतो. जपानी कार्यालयासाठी ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिल्या अर्जापासून शेवटपर्यंत पासपोर्टवरचं पूर्ण नाव, त्याच क्रमाने लिहा. सोबतच नावाचं काताकाना लिपीतलं एकच रूप ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. कुलकर्णी तिथे कुरुकारुनी होतात, देशपांडे देशुपांदे होतात, आणि ळ-ल-र या तिघांना मिळून एकच ओळ आहे. बँकेत एक रूप आणि फोनच्या करारात दुसरं असं झालं, तर पैसे अडतात.

अर्जात "यापूर्वी सीओईसाठी अर्ज केला होता का", "यापूर्वी जपानला गेला होतात का" असे प्रश्न असतात. शाळेच्या सहलीला गेला असाल तरी खरं लिहा. इमिग्रेशनकडे नोंद असते.

४. व्हिसा

सीओई आता बहुतेक वेळा ईमेलनेच येते. ती दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये उतरावं लागतं, म्हणून हातात आल्यावर व्हिसा लांबवू नका. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात स्वीकारले जातात. पासपोर्ट, भरलेला अर्ज, ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा फोटो, सीओईची प्रत आणि स्वीकृतिपत्र न्या. फोटोचं माप सीओईच्या फोटोपेक्षा वेगळं आहे, दोन्ही एकदमच काढून घ्या. कागदात उणीव नसेल तर निर्णयाला साधारण पाच कामाचे दिवस लागतात. पासपोर्ट कुरिअरने येण्याचे दिवस वेगळे धरा.

भारतीयांना मिळणारा ई-व्हिसा पर्यटनासाठी आहे. "आधी त्यावर जाऊ, तिथे बदलून घेऊ" असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

तिकीट आता काढा. तारीख वसतिगृहात प्रवेश मिळण्याच्या दिवसाशी जुळवा. जपानी वसतिगृहं ठरलेल्या तारखेआधी, आणि बरेचदा संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर, खोली उघडून देत नाहीत. विमान रात्री उतरत असेल तर पहिल्या रात्रीचं हॉटेल आधीच ठरवा.

५. राहायची जागा

एका सत्रासाठी विद्यापीठाच्या वसतिगृहाला दुसरा चांगला पर्याय नाही. खासगी घराचा करार सहसा दोन वर्षांचा असतो. अनामत म्हणून शिकिकिन, घरमालकाला द्यायचं आणि परत न मिळणारं रेइकिन, शिवाय हमीदार कंपनीचं शुल्क असं मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे जातात. वसतिगृह मिळालं नाही तर शेअर हाउस बघा. तिथे रेइकिन नसतं आणि महिन्याच्या बोलीवर राहता येतं. टोकियोत वसतिगृहाचं भाडं जागेप्रमाणे महिना ३०,००० ते ६०,००० येन धरा.

घेण्याआधी तीन गोष्टी विचारा : अंथरूण-पांघरूण मिळतं की भाड्याने घ्यावं लागतं, स्वयंपाकघरात गॅस आहे की इंडक्शन, आणि विद्यापीठापर्यंत रेल्वेच्या किती कंपन्या बदलाव्या लागतात. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. टोकियोत कंपनी बदलली की भाडं पुन्हा शून्यापासून मोजलं जातं, त्यामुळे अंतर कमी असूनही रोजचा खर्च वाढतो. शिवाय विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास बहुतेकदा पदवीसाठी नियमित प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतो. तो आपल्याला मिळणार नाही असं धरूनच हिशेब करा.

६. पैसे कसे न्यायचे, कसे पाठवायचे

वसतिगृहाची पहिली रक्कम भारतातूनच पाठवावी लागते. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म ए२ भरा, पॅन आणि स्वीकृतिपत्र जोडा, उद्देश शिक्षण असा लिहा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (बँक पाठवतानाच कापून घेते तो कर) लागत नाही, त्यामुळे एका सत्राच्या खर्चात तो प्रश्न बहुधा येत नाही. मात्र पाठवताना "सगळे आकार पाठवणाऱ्याकडे" हा पर्याय निवडा. नाहीतर मधल्या बँका आपला आकार कापून घेतात, वसतिगृहाला दोन-तीन हजार येन कमी पोहोचतात आणि त्यांच्या लेखी तुमचं भाडं थकलेलं राहतं.

सोबत ८०,००० ते १,००,००० येन रोख न्या. पहिल्या दोन आठवड्यांत अंथरूण, भांडी, प्रवास, विमा यांत ते जातात. परकीय चलनाच्या नोटा भारतातून ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात. उरलेले येनच्या फॉरेक्स कार्डावर किंवा व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डावर ठेवा. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. भारतीय कार्डावर ते मुळात बंद असतात आणि जपानमधून चालू करायला ओटीपी लागतो.

या ओटीपीला हलकं समजू नका. भारतीय सिमवर रोमिंग चालू करून, वर्षभर बंद पडणार नाही असं रिचार्ज मारून, तो नंबर जिवंत ठेवा. परीक्षा अर्ज, बँक, डिजिलॉकर, परतीच्या तिकिटाचं पेमेंट हे सगळं त्याच नंबरवर येतं. ड्युअल सिमचा फोन असेल तर उत्तम. आई-वडिलांपैकी कुणाला तरी परीक्षा विभागासाठी सहीचं अधिकारपत्र देऊन ठेवा.

७. सामान

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पट्ट्यांचा असतो. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १००-२४० व्होल्टचे असतात, त्यांना फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपची तीन पिनांची जाड वायर असेल तर दोन पिनांत बसणारा अडॅप्टर इथूनच घ्या. मिक्सर, इस्त्री, विजेची किटली मात्र नेऊ नका. २३० व्होल्टचं उपकरण तिथे धड चालत नाही.

कुकर न्यायचाच असेल तर दोन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही आणि सहा महिने बॅगेत पडून राहतो.

आता काय नेऊ नये. मांसाचा कोणताही पदार्थ, अगदी सुका किंवा डबाबंदसुद्धा, नाही. न सांगता आणल्यास तुरुंगवास किंवा ३० लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता नाही. तांदूळ, डाळी, बिया यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून आईने प्रेमाने बांधलेली तूरडाळ घरीच राहू द्या, तिथे मिळते. कंपनीच्या मूळ बंद पाकिटातला मसाला चालतो. घरचा गोडा मसाला सुट्या पिशवीत नेला तर तपासणीत सांगावं लागतं आणि समोरच्याला तो काय आहे ते कळत नाही. शंका असलेली वस्तू लपवण्याऐवजी कस्टमला दाखवा, फार तर काढून घेतील.

औषधांचं नीट पाहा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. दमा, थायरॉइड, मधुमेह यांसाठी सहा महिन्यांचा साठा न्यायचा तर युन्यू काकुनिन-शो ही आयात मंजुरी भारतातून निघण्याआधीच जपानच्या आरोग्य खात्याकडून घ्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या. ॲम्फेटामाइन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी बंदीच्या यादीत आहेत, आणि स्युडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली सर्दीची औषधंही. पाकिटावरचे घटक वाचूनच भरा.

हातातल्या बॅगेत हे ठेवा : पासपोर्ट, सीओईची छापील प्रत, स्वीकृतिपत्र, वसतिगृहाचा पत्ता जपानीत, चार-सहा फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, रोख येन आणि पेन. सीओई फोनमध्ये असली तरी छापून न्या. फोन नेमका तिथेच संपतो.

८. विमानतळावरचा अर्धा तास

निघण्याआधी व्हिजिट जपान वेब या जपान सरकारच्या संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून क्यूआर कोड काढा. नारिता आणि हानेदाला इमिग्रेशनच्या खिडकीवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे निवास-कार्ड मिळतं. तिथून हलण्याआधी कार्डावरचं नाव, जन्मतारीख आणि मुदत वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सोपं, नंतर खेटे घालावे लागतात.

अर्धवेळ काम करायचा विचार नसला, तरी कामाच्या परवानगीचा अर्ज, शिकाकुगाई कात्सुदो क्योका, घरूनच छापून भरून न्या आणि त्याच खिडकीवर द्या. शिक्का कार्डाच्या मागे लगेच बसतो. नंतर मागितला तर इमिग्रेशन कार्यालयात जाऊन काही आठवडे थांबावं लागतं. मर्यादा आठवड्याला २८ तासांची आहे आणि ती सगळ्या कामांची मिळून आहे. बार, क्लब, पाचिंको (जुगाराच्या यंत्रांचे अड्डे) अशा ठिकाणी कोणतंही काम, भांडी घासण्याचंसुद्धा, चालत नाही.

हे कार्ड कायम जवळ बाळगायचं. नसल्यास २ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो.

९. पहिले चौदा दिवस

क्रम असा ठेवा.

पहिलं, कुयाकुशो म्हणजे वॉर्डाचं कार्यालय. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत तिथे तेन्न्यू तोदोके, म्हणजे राहायला आल्याच्या नोंदीचा अर्ज, भरायचा. पत्ता कार्डाच्या मागे छापून मिळतो. त्याच फेरीत आणखी दोन कामं उरकतात.

एक, कोकुमिन केन्को होकेन हा सार्वजनिक आरोग्य विमा. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. डॉक्टरांच्या बिलातले ७० टक्के तो भरतो, ३० टक्के आपण. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नव्हतं असं लिहून दिलं की हप्ता कमी बसतो, साधारण महिना दीड-दोन हजार येन. ते लिहून द्यायला विसरलात तर सवलत लागत नाही. "आजारी पडलो की काढू" हा हिशेब इथे चालत नाही, कारण हप्ता राहायला आल्यापासूनच लागू होतो, उशिरा गेलात तरी मागचा भरावा लागतो.

त्याच फेरीतलं दुसरं काम, राष्ट्रीय पेन्शन. वयाची २० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक रहिवाशाला ती लागू आहे, विद्यार्थ्यांनाही. २०२५-२६ साठी तिचा हप्ता महिना १७,५१० येन होता, म्हणजे तुमच्या जेवणाच्या निम्मा खर्च. घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्याच खिडकीवर विद्यार्थी-सवलतीचा किंवा माफीचा अर्ज मागा. अल्पकालीन विद्यार्थ्याला यातला कोणता लागू होतो, ते तिथले कर्मचारी विद्यापीठाचं प्रमाणपत्र पाहून सांगतात. अर्ज न करता घरी आलेली पावत्यांची चवड ड्रॉवरमध्ये टाकणं, ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

मग फोन. मोठ्या कंपन्यांचे करार महाग पडतात. स्वस्त सिमवाल्या बऱ्याच कंपन्या जपानी क्रेडिट कार्ड मागतात आणि भारतीय कार्ड नाकारतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या, कोनबिनीत (चोवीस तास उघड्या किराणा दुकानात) रोख पैसे भरू देणाऱ्या कंपन्या बघा. फक्त डेटा देणारं सिम घेऊ नका. बँकेला आवाजी कॉलचा नंबर हवा असतो.

मग बँक. देशात येऊन सहा महिने झाले नसतील तर परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही "अनिवासी" ठरता आणि अनेक बँका खातं उघडत नाहीत. एक्स्चेंजचे विद्यार्थी बहुतेक पोस्टाच्या युचो बँकेत जातात. त्यातही विदेशात पैसे पाठवण्यासारख्या सोयी मर्यादित असतात. शिष्यवृत्ती किंवा पगार येणार नसेल तर एका सत्रासाठी खात्याशिवायही भागतं.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे बँकेचं कार्ड आणि माय नंबरचं (जपानमधल्या रहिवाशाच्या ओळख क्रमांकाचं) पत्र परत जातं. टपालपेटीवर तुमचं नाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. नोंदणीकृत पत्र आलं आणि तुम्ही घरी नसलात तर पेटीत एक चिठ्ठी पडते. त्यावरच्या मुदतीत, साधारण आठवड्यात, पुन्हा आणायला सांगावं लागतं.

१०. जेवण, विशेषतः शाकाहारी असाल तर

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, आहे आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या मासळीची असते. मिसो सूप, उदोन, सोबा, भाजीची उकड, सगळ्यांत ती असते आणि दिसत नाही. "निकु नाशी", मांस नको, असं सांगितलं तर मांसाचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येतो. म्हणून "निकु, साकाना, दाशी मो दामे देसु" असं तिन्ही नावांसकट सांगा. बाजारात मिळणाऱ्या करीच्या वड्यांमध्ये बरेचदा गोवंशाची किंवा डुकराची चरबी असते, ब्रेड-बिस्किटांत लार्ड आणि गोळ्यांत जिलेटिन. पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने वाचता येतो, पण निकु (मांस), बुता (डुक्कर), ग्यू (गाय-बैल), तोरी (कोंबडी), साकाना (मासा) यांची चित्रलिपी आठवडाभरात ओळखायला शिका. कॅमेऱ्यापेक्षा लवकर होतं.

तोफू, भात, भाज्या, दूध-दही, अंडी यांवर रोजचं जेवण सहज निभतं. डाळी आणि मसाल्यांसाठी शिन-ओकुबोतली दुकानं किंवा एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई गाठा. निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे आपल्याकडचेच. ग्योमु सुपर या स्वस्त साखळीतही छोले, राजमा मिळतात. टोकियोत मराठी मंडळ आहे आणि गणपती बसतो. सप्टेंबरात पोहोचणाऱ्यांना घरची आठवण सगळ्यात जास्त तेव्हाच येते, म्हणून आधीच संपर्क करून ठेवा.

११. रोजच्या गोष्टी

प्रवासाला सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या. आयफोनमध्ये ते फोनमध्येच बसतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइडमध्ये सहसा बसत नाही, प्लास्टिकचं कार्ड घ्या. शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास असते. ती चुकली तर टॅक्सीला हजारो येन जातात.

कचऱ्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी भिंतीवर चिकटवा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या-डबे, प्रत्येकाचा वार ठरलेला असतो आणि तो सकाळीच, ठरलेल्या जागी ठेवायचा. चुकीची पिशवी उचलली जात नाही. गादी, खुर्ची अशा मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंदणी करून, विकतचं स्टिकर लावावं लागतं.

सायकल घेतली तर तिची चोरीविरोधी नोंदणी आणि विमा करा, टोकियोत विमा २०२० पासून बंधनकारक आहे. मित्राकडून जुनी घेतली तर नोंदणीही नावावर करून घ्या. पोलीस अडवतात तेव्हा तेच तपासतात.

भूकंपासाठी उशाशी बूट, टॉर्च, पाणी आणि पासपोर्टची प्रत ठेवा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

सुट्टीत कोरिया किंवा तैवानला जाणार असाल, तर विमानतळावर निघताना भरायच्या प्रस्थान-कार्डावर "परत येणार आहे" या चौकोनात खूण करा. याला मिनाशी साइन्यूकोकु म्हणतात. खूण राहिली तर जपान सोडताच तुमचा विद्यार्थी दर्जा संपतो आणि परतीच्या विमानातच बसता येत नाही.

१२. परत येताना

निघण्याच्या महिनाभर आधीपासून सुरुवात करा. वसतिगृहाला लेखी सूचना, मोठ्या कचऱ्याची नोंदणी, फोनचा करार बंद. शेवटच्या दोन आठवड्यांत कुयाकुशोत तेन्शुत्सु तोदोके, म्हणजे जागा सोडून जात असल्याचा अर्ज, भरा, विम्याचा शेवटचा हप्ता तिथेच चुकता करा. बँकेचं खातं बंद करूनच निघा. जुनं खातं किंवा कार्ड कुणी पैसे देऊन मागत असेल तर देऊ नका. तो गुन्हा आहे, आणि पुढे कधी नोकरीसाठी जपानचा व्हिसा मागाल तेव्हा तो समोर येतो.

विद्यापीठाकडून गुणपत्रक थेट आपल्या विद्यापीठात जाईल की तुमच्या घरी, हे विचारून घ्या. निकाल लागायला सत्र संपल्यावर महिना-दीड महिना जातो. दोन सीलबंद प्रती मागा, एक परीक्षा विभागासाठी आणि एक न उघडता स्वतःकडे ठेवायला. झाइर्यू कार्ड विमानतळावर इमिग्रेशनकडे द्यायचं. ते भोक पाडून परत देतात.